राखणीचा कुत्रा : बढाई आणि वस्तुस्थिति

आपल्या भागांतील शेतकरी स्वभावतः मितभाषी आहे. पीक कसें आहे म्हणून विचारलें, तर कपाशी कमरेइतकी वाढलेली असूनही तो "बरें आहे, देवाची कृपा" यापलीकडे जात नाहीं. बैलजोडीची कोणी स्तुति केली तर दृष्ट लागेल म्हणून तोच विषय बदलतो. मोसंबीच्या बागेचें उत्पन्न तर सख्ख्या भावालाही खरें सांगण्याचा प्रघात नाहीं. परंतु कुत्र्याचा विषय निघूं द्या; हाच मितभाषी गृहस्थ अर्धा तास बोलत राहतो, आणि त्याच्या शब्दाशब्दाला पंख फुटतात. कुत्र्याला दृष्ट लागते असें कोणी मानीत नाहीं, त्याच्यावर सारा बसत नाहीं, आणि बँक त्याच्यावर जप्तीही आणीत नाहीं. यामुळें मनांत दाबून ठेवलेल्या साऱ्या अभिमानाला ही एकच मोकळी वाट सांपडत असावी.

जालना जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगा, दक्षिणेस गोदावरी, आणि मधल्या मुलखांत पूर्णा, दुधना व कुंडलिका यांचीं खोरीं. भोकरदन-जाफराबादकडे मका व मिरची, अंबड-घनसावंगीकडे मोसंबी व ऊंस, परतूर-मंठ्याकडे कपाशी, तूर व सोयाबीन. पिकें वेगवेगळीं, पण एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे. गांवापासून दूर रानांत आखाडा असतो, आखाड्यावर जनावरें असतात, आणि त्यांच्या राखणीस कुत्रा असतो. हा कुत्रा आपल्या शेतीच्या भांडवलाचा एक भाग आहे. म्हणून त्याच्याविषयीं जें बोललें जातें त्यांतलें खरें किती आणि वाढविलेलें किती, हें पाहण्याची आवश्यकता आहे. कारण कांहीं बढाया केवळ करमणुकीच्या असतात, तर कांहीं बढायांपायीं पैसा जातो, जनावर जातें, आणि क्वचित् माणूसही जातो.

आखाड्यावरील गोष्टी

हुरड्याच्या दिवसांत आगटीभोंवतीं बसलेल्या मंडळींत अशा गोष्टींस भरती येते. कोणाचा वाघ्या वार ओळखतो. बाजाराच्या दिवशीं मालक घराबाहेर पडण्यापूर्वींच तो वेशीवर जाऊन उभा राहतो. कोणाचा मोत्या एकादशीस भाकरीला तोंड लावीत नाहीं. कोणाच्या टिप्याला गोदावरीपलीकडील सोयऱ्यास देऊन टाकलें, आणि मालक एस्. टी.नें परत येऊन पाहतो तों टिप्या ओसरीवर शेपूट हालवीत बसलेला! कोणाची कुत्री सायंकाळीं मेंढरें वाड्यांत शिरतांना मोजते आणि एक कमी भरलें तर दाराशींच आडवी पडते. कोणाचा खंड्या चोरास चावत नाहीं. त्याचें धोतर तेवढें दांतांत धरतो, व पोलीसपाटील येऊन पंचनामा होईपर्यंत सोडीत नाहीं.

या गोष्टी निखालस खोट्या आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. बहुतेकींच्या मुळाशीं एखादें खरें निरीक्षण असतें. बाजाराच्या दिवशीं मालक सकाळीं लवकर अंघोळ करतो, धुतलेले कपडे घालतो, खुंटीवरची पिशवी काढतो. आपण ज्या हालचालींकडे लक्षही देत नाहीं त्या कुत्रा बारकाईनें पाहत असतो. त्याला वार समजत नाहीं, मालक समजतो. एकादशीचेंही तसेंच. त्या दिवशीं घरांत ताजी भाकरी होत नाहीं. आदल्या रात्रीची शिळी भाकरी पुढें टाकलेली आणि चुलीवरून साबुदाण्याच्या खिचडीचा वास येत असलेला, अशा वेळीं कुत्र्यानें खिचडीची वाट पाहिली, तर त्यांत व्रत शोधण्याचें कारण नाहीं.

मोजणाऱ्या कुत्रीसंबंधीं एका घोड्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील बर्लिन शहरीं फॉन ऑस्टेन नांवाच्या गृहस्थाचा हान्स नांवाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करून उत्तराइतक्या टापा मारीत असे. मोठमोठे विद्वान् थक्क झाले. १९०७ सालीं ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानें दाखवून दिलें कीं, प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसलें म्हणजे घोड्यालाही तें येत नसे. टापांची संख्या उत्तराशीं पोंचतांच विचारणाऱ्याच्या मानेची व चेहऱ्याची किंचित् हालचाल होई, आणि तीच पाहून घोडा थांबत असे. मालक लबाड नव्हता; आपण खूण करीत आहोंत हें त्याला कळतच नव्हतें. मेंढरू कमी आहे हें धनगराच्या मनांत येऊन तो वाड्याच्या दाराशीं घुटमळला, कीं कुत्री आडवी पडली. मोजणी धनगराची, कौतुक कुत्रीचें.

गोष्ट कशी वाढते

कुत्र्याचें वय वाढतें तसा त्यानें पळवून लावलेला प्राणीही वाढत जातो. पहिल्या वर्षीं मालक सांगतो कीं, रात्रीं कोल्हा आला होता, कुत्र्यानें हांकलला. दुसऱ्या वर्षीं तो लांडगा होतो. तिसऱ्या वर्षीं दोन लांडगे. कुत्रा म्हातारा होऊन ओसरीवर झोंपूं लागला म्हणजे तो प्राणी बिबट्या झालेला असतो. आणि कुत्रा मेल्यानंतर तर त्याचा पट्टेरी वाघ होण्यास कांहींच हरकत उरत नाहीं. ऐकणाराही यांत वांटेकरी असतो, कारण शेजाऱ्यानें आपल्या कुत्र्याचा लांडगा सांगितल्यावर आपण कोल्ह्यावर थांबणें कोणासही कमीपणाचें वाटतें.

दुसरें कारण आपल्या स्मृतीचें आहे. जें जुळलें तें लक्षांत राहतें, जें जुळलें नाहीं तें आपण विसरतों. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर, आदल्या रात्रीं कुत्रीं विलक्षण रडत होतीं, अशा गोष्टी मराठवाड्यांत ऐकूं येत असत. जगांत कोठेंही मोठा भूकंप झाला कीं अशा गोष्टी निघतात. परंतु कुत्रीं रडलीं आणि कांहींच झालें नाहीं, अशा शेंकडों रात्रींची नोंद कोणी ठेवलेली नसते. भूकंपाची आगाऊ सूचना जनावरांच्या वागणुकीवरून खात्रीनें देतां येते असें शास्त्रानें अद्याप सिद्ध केलेलें नाहीं. त्या रात्रीं कुत्रीं रडलींच नाहींत असेंही आम्ही म्हणत नाहीं. इतकेंच कीं, इतर रात्रींचा हिशेब मांडल्यावांचून त्या एका रात्रीचा अर्थ लागत नाहीं.

जुन्या व दूरदेशींच्या गोष्टी

कुत्र्याची गोष्ट वाढविण्याची हौस आपल्याच काळांतली आहे असें नाहीं. महाभारतांत एकलव्य भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडांत सात बाण मारतो, आणि कुत्र्यास इजा न होतां त्याचें भुंकणें तेवढें बंद पडतें. त्याच ग्रंथाच्या अखेरीस युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत जाणारा कुत्रा साक्षात् धर्म निघतो. या गोष्टी कोणी पुराव्यासाठीं वाचीत नाहीं. त्या तात्पर्यासाठीं वाचावयाच्या असतात.

लमाणांच्या तांड्यांतून सांगितली जाणारी कथा पुष्कळांस ठाऊक असेल. एक लमाण कर्ज फेडतां येईना म्हणून आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवतो. सावकाराच्या घरीं चोरी होते. चोरांनीं माल कोठें पुरला हें कुत्र्यानें पाहिलेलें असतें. तो सावकाराचें धोतर ओढून त्याला तेथपर्यंत नेतो. सावकार प्रसन्न होऊन कर्ज फिटल्याची चिठी कुत्र्याच्या गळ्यांत बांधतो व त्याला घरीं पाठवितो. कुत्रा वचन मोडून पळून आला असें समजून लमाण रागाच्या भरांत त्याच्या डोक्यांत काठी घालतो. आणि चिठी सांपडते ती त्यानंतर. छत्तीसगडमध्यें बालोद जिल्ह्यांत खपरी गांवीं कुकुरदेवाचें देऊळ आहे, त्याच्याशीं हीच कथा जोडलेली आहे. हिच्याच जातीची कथा पंचतंत्रांत ब्राह्मण व मुंगूस यांची आहे. आणि वेल्स देशांत बेडगेलर्ट गांवीं गेलर्ट नांवाच्या कुत्र्याचें थडगें दाखवितात. त्यानें लांडग्यापासून राजपुत्राचें मूल वांचविलें, आणि रक्तानें भरलेलें त्याचें तोंड पाहून राजपुत्रानें त्यालाच मारलें, अशी ती कथा. तेथील थडगें मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस एका खानावळवाल्यानें, प्रवासी यावेत म्हणून, उभें केलें असें मानतात. गोष्ट फार जुनी, दगड मात्र बराच अलीकडचा.

आपल्याकडे रायगडावर शिवाजीमहाराजांच्या समाधीसमोर वाघ्या कुत्र्याचें स्मारक आहे. महाराजांचें निधन १६८० सालीं झालें, तेव्हां या कुत्र्यानें चितेंत उडी घेतली अशी कथा सांगतात. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' नाटकामुळें ती घरोघर पोंचली. या कुत्र्याविषयीं समकालीन पुरावा मिळत नाहीं असें अनेक इतिहास-अभ्यासकांचें म्हणणें आहे, तर पुष्कळांची त्या कथेवर श्रद्धा आहे. ऑगस्ट २०१२ मध्यें कांहीं कार्यकर्त्यांनीं पुतळा काढून टाकला; तो लवकरच पुन्हां बसविण्यांत आला. मार्च २०२५ मध्यें संभाजीराजे छत्रपति यांनीं स्मारक हटविण्याची मागणी शासनाकडे केली, आणि वादास पुन्हां तोंड फुटलें. या वादाचा निर्णय देणें हें आमचें काम नव्हे. परंतु तोंडीं असलेली गोष्ट एकदां दगडांत गेली, कीं तिच्याविषयीं शांतपणें बोलणें किती अवघड होतें, याचा हा नमुना आहे.

पुरावा असणें व नसणें यांतील फरक दोन परदेशी कुत्र्यांच्या हकीकतींवरून फार चांगला समजतो. योगायोगानें दोघांचीं नांवें जवळ जवळ सारखींच आहेत. अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांतल्या सिल्व्हर्टन गांवचा बॉबी हा कुत्रा ऑगस्ट १९२३ मध्यें मालकाबरोबर मोटारीनें इंडियाना प्रांतांत गेला असतां तेथें हरवला. फेब्रुवारी १९२४ मध्यें तो झिजलेल्या पंजांनीं घरीं परतला. मधलें अंतर सुमारें ४,००० किलोमीटर. ही गोष्ट आपल्या टिप्याच्या गोदावरीच्या गोष्टीहून किती तरी मोठी, तरी लोकांनीं ती मानली. कारण वाटेंत ज्यांनीं त्याला भाकरतुकडा घातला, रात्रीं आसरा दिला, त्यांचीं पत्रें आलीं, आणि प्राण्यांच्या संरक्षणासाठीं काम करणाऱ्या तेथील संस्थेनें तीं जुळवून त्याचा मार्ग ताडून पाहिला.

दुसरा पोर्तुगाल देशांतील बोबी. हा गुरांमेंढरांच्या राखणीच्या जातीचा कुत्रा. त्याचें वय तीस वर्षांहून अधिक आहे असें मालकानें सांगितलें, आणि फेब्रुवारी २०२३ मध्यें गिनेस या जागतिक विक्रमांच्या पुस्तकानें तो आजवरचा सर्वांत वृद्ध कुत्रा म्हणून जाहीर केला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो मेला. पुढें पशुवैद्यांनीं शंका काढल्या. जुन्या छायाचित्रांतील कुत्र्याच्या पंजांचा रंग वेगळा दिसतो हें कोणीं दाखविलें. आणि वयाची सरकारी नोंद देखील मूळ मालकाच्या शब्दावरच झालेली होती असें आढळलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें गिनेसनें तो विक्रम मागें घेतला. मालक खोटें बोलला असें यावरून ठरत नाहीं. ठरतें तें इतकेंच कीं, वेळच्या वेळीं केलेली नोंद नसली तर खरेंही सिद्ध करतां येत नाहीं. सामान्य कुत्र्याचें आयुष्य दहा ते तेरा वर्षांचें धरावें. आपल्या आखाड्यावरील अठरा वर्षांचा म्हणून दाखविला जाणारा कुत्रा पुष्कळदां एकाच नांवाचे दोन कुत्रे असतात.

बढाई कोठें महाग पडते

येथवर करमणूक झाली. आतां ज्या बढायांचा हिशेब शेतकऱ्याला रोख चुकवावा लागतो त्यांकडे वळूं.

पहिली बढाई जातीची. पिलूं विकणारा सांगतो कीं, हें अस्सल मुधोळचें आहे, किंवा याचा बाप लांडगा आहे, किंवा याला वीस नखें आहेत. मुधोळ हें कर्नाटकांत बागलकोट जिल्ह्यांत आहे, आणि तेथील घोरपडे संस्थानिकांनीं ही शिकारी जात जोपासली, हें खरें आहे. ९ जानेवारी २००५ रोजीं भारतीय टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं त्यांत ही जात होती, आणि २०१६ सालीं सैन्यानेंही तिचीं पिलें शिक्षणासाठीं मेरठला नेलीं. आपल्या मराठवाड्यांतही लातूर-नांदेडकडे कारवानी व पश्मी हीं त्याच धाटणीचीं उंच, सडपातळ, चपळ कुत्रीं पाळतात. परंतु दीड-दोन महिन्यांचें कोणतेंही सडपातळ पिलूं या जातीचें म्हणून खपवितां येतें. आई-बाप डोळ्यांनीं पाहिल्यावांचून जातीचे पैसे देऊं नयेत. शिवाय, ही जात मोकळ्या माळावर धांवून शिकार धरण्यासाठीं तयार झालेली आहे. ती गोठ्याच्या दाराशीं रात्रभर बसून राहीलच असें नाहीं.

लांडग्याच्या बापाची गोष्ट अशक्य नाहीं. पुण्याजवळील माळरानावर दिसलेल्या एका प्राण्यांत लांडगा व कुत्रा यांचा संकर असल्याचें जनुकांच्या तपासणीवरून सिद्ध झालें, व तें संशोधन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. पण आपल्या देशांत असा शास्त्रीय पुरावा तो पहिलाच मानला गेला. विद्वानांस एक सांपडण्यास इतकीं वर्षें लागलीं, आणि आपल्या पंचक्रोशींत मात्र दर पांचवा कुत्रा लांडग्याचा असतो! नखांविषयीं म्हणाल, तर कुत्र्याच्या पुढील पायांस पांच-पांच व मागील पायांस चार-चार मिळून अठरा नखें असतात. मागील पायांस एकेक जादा नख असलें म्हणजे वीस होतात. हें जादा नख आनुवंशिक आहे; त्याचा शौर्याशीं संबंध नाहीं. उलट तें जमिनीस न घांसल्यानें वाढून वळतें व मांसांत रुततें. तें वेळोवेळीं कापावें लागतें, इतकाच त्याचा विशेष.

दुसरी बढाई शौर्याची, आणि ही अधिक धोक्याची. "आमचा कुत्रा बिबट्याला भीत नाहीं" असें म्हणून शेळ्या उघड्यावर बांधणारे लोक आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यांत अकोले तालुक्यांतील शेतांतून राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेची शास्त्रज्ञांनीं तपासणी केली. बिबट्यांनीं खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनांत ८७ टक्के वांटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यांत एकट्या कुत्र्याचा वांटा ३९ टक्के होता. शेळ्यांचा ११ टक्केच. म्हणजे कुत्रा हा बिबट्याचा वैरी नसून मुख्य खाद्य आहे. साखळीनें बांधलेला कुत्रा तर त्याला ताटांत वाढून दिल्यासारखा. कुत्रा भुंकून आपल्याला जागें करील, हें त्याचें काम. लढणें हें त्याचें काम नव्हे. जेथें बिबट्याचा वावर असेल तेथें शेळ्या व कुत्रा दोन्ही रात्रीं बंदिस्त जागेंत असावींत. हिमालयांतील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यांत लोखंडी कांट्यांचा पट्टा घालतात. तीं कुत्रीं आपल्या कुत्र्यांच्या दुप्पट थोराड असूनही त्यांना पट्टा लागतो, हें लक्षांत घ्यावें. रानडुकराच्या बाबतींतही तेंच. एकट्या कुत्र्यास डुकरावर सोडणें म्हणजे त्याचें पोट फाडून घेणें होय.

यालाच जोडून एक सूचना. "आमचा कुत्रा रोज एक ससा आणतो" हें वाक्य चारचौघांत उच्चारण्यापूर्वीं विचार करावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें ससा, हरीण वगैरेंची शिकार हा गुन्हा आहे, मग ती बंदुकीनें करा कीं कुत्र्याकडून. तेथें ती बढाई राहत नाहीं, कबुलीजबाब होतो.

तिसरी बढाई आरोग्याची. तिच्यांत प्राण जातात. "आमचा कुत्रा घरच्या दुधावर वाढला आहे, तो पिसाळणार नाहीं", "त्यानें नुसता दांत लावला, चावला नाहीं", "घरचाच आहे, त्याचें कसलें विष" हीं वाक्यें प्रत्येक गांवांत ऐकूं येतात. पिसाळण्याचा रोग दुधावर, जातीवर किंवा इमानावर अवलंबून नाहीं. पिसाळलेला कोल्हा, मुंगूस किंवा दुसरा कुत्रा चावला कीं इमानी कुत्र्यालाही तो होतो. रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस जवळ जवळ कधींच वांचत नाहीं. आणि लक्षणांपूर्वीं लस घेतली तर जवळ जवळ नेहमींच वांचतो. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली; त्या गोष्टीला आतां एक शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही भारतांत दर वर्षीं या रोगानें सुमारें ५,७०० माणसें मरतात असा अंदाज २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणींत आहे.

कुत्रा चावला, ओरखडला किंवा जखमेवर चाटला, तर जखम तत्काळ वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. तिखट, चुना, हळद, तेल कांहीं लावूं नये. मांत्रिकाकडे किंवा देवस्थानीं जावयाचें असेल तर लस टोंचून घेतल्यावर जावें. सरकारी दवाखान्यांत लस विनामूल्य मिळते. ठरलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या, आणि जखम रक्ताळलेली असल्यास जखमेंत टोंचावयाच्या औषधाविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.

शेतकऱ्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा रोग बैल, गाय व म्हैस यांनाही होतो. जनावर लाळ गाळूं लागतें, त्याला गिळतां येत नाहीं. घशांत कांहीं अडकलें असेल असें समजून मालक तोंडांत हात घालतो, आणि तेथेंच घात होतो. अशा जनावराच्या तोंडांत हात न घालतां पशुवैद्यास बोलवावें, आणि त्याचें दूध वापरूं नये.

धनगराची पारख

कुत्र्याविषयीं सर्वांत कमी बोलणारा आणि सर्वांत अधिक जाणणारा मनुष्य म्हणजे धनगर. सुगी झाल्यावर आपण खतासाठीं रानांत मेंढ्या बसवितों, तेव्हां त्याच्या वाड्याभोंवतीं तीन-चार कुत्रीं असतात. दिसण्यांत तीं सामान्य. त्यांच्याविषयीं विचारलें तर तो म्हणतो, "राखतंय, चांगलं हाय." एवढ्यावर त्याचें वर्णन संपतें. पण तो काय करतो तें पाहण्यासारखें आहे. पिलूं दूध सोडतें न सोडतें तोंच तो त्याला मेंढरांच्या संगतींत ठेवतो. पिलूं मेंढरांत वाढतें, कोंकरांशेजारीं झोंपतें, आणि मोठेपणीं त्यांनाच आपलें कुटुंब समजतें. पाश्चात्य देशांतील शास्त्रज्ञांनीं राखणीच्या कुत्र्यांवर प्रयोग करून हेंच सांगितलें आहे कीं, पहिल्या चार महिन्यांत ज्या जनावरांची संगत घडते त्यांच्याशीं कुत्र्याची बांधिलकी जडते. जो कुत्रा वयांत आल्यावर आखाड्यावर आणला जातो तो मालकाला राखील, भाकरीला राखील. शेळ्यांना राखीलच असें नाहीं.

आणि खरें पाहतां कुत्र्याला बढाईची गरजच नाहीं. माणसाच्या नाकांत वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या आसपास असतात. कुत्र्याच्या नाकांत जातीप्रमाणें बारा ते तीस कोटि असतात. आपल्याला ऐकूं न येणारे सूक्ष्म, उंच आवाज त्याला ऐकूं येतात. अमावास्येच्या रात्रीं बांधापलीकडे कोण आहे हें जें आपल्याला दिव्यानेंही दिसत नाहीं, तें तो डोळे मिटून पडल्या पडल्या जाणतो. हें सारें खरें आहे, मोजलेलें आहे, आणि पळवून लावलेल्या बिबट्याहून आपल्या उपयोगाचें आहे.

पारखीचे कांहीं नियम

(१) कुत्रा घेतांना विकणाऱ्याची गोष्ट ऐकावी, पण पैसे आई-बाप पाहून द्यावे. आई गोठ्याशीं राहते कीं गांवभर भटकते, हें तिच्या शेजाऱ्यास विचारावें. मालकास विचारूं नये.

(२) राखणीची परीक्षा मालकानें स्वतः घेऊं नये. कुत्रा त्याचा चेहरा वाचतो. ओळखीच्या पण कुत्र्यास अपरिचित अशा मनुष्यास, आगाऊ दिवस न ठरवितां, रात्रीं बांधापर्यंत येण्यास सांगावें. त्यानें कुंपणाच्या आंत येऊं नये. कुत्रा किती अंतरावर भुंकला, आणि भुंकून गोठ्याजवळच राहिला कीं लांब धांवत गेला, हें पाहावें. चांगला राखण्या आपली जागा सोडीत नाहीं.

(३) जेथें आपण खताची व फवारणीची टांचणें ठेवतों त्याच वहींत कुत्र्यासाठीं एक पान राखावें. जन्माचा महिना, लस टोंचल्याची तारीख, जंताचें औषध, रात्रीं कोणतें जनावर आलें व काय झालें, एवढें लिहावें. तीन वर्षांनीं तें पान वाचलें म्हणजे कोल्ह्याचा बिबट्या होण्याचें थांबतें.

(४) पिलास तिसऱ्या महिन्यांत पिसाळण्याविरुद्ध लस द्यावी व पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणें दर वर्षीं ती पुन्हां टोंचावी. मेलेल्या मेंढराचीं आंतडीं-काळीज कच्चें खाऊं घालूं नये. "आमचा कुत्रा कांहींही पचवितो" असें म्हणणाऱ्याच्या कुत्र्याच्या पोटांत पट्टकृमि असण्याचा संभव असतो. त्याचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेल्यास काळजांत व फुप्फुसांत पाण्याच्या गांठी होतात.

(५) सालगडी व घरांतील मुलें यांना चावल्यानंतर काय करावयाचें हें तोंडपाठ असावें. मालक तालुक्याच्या गांवीं गेलेला असतो तेव्हांच बहुधा कुत्रा चावतो, आणि तेव्हां घरीं असतात तीं हींच मंडळी.

एवढें सांभाळल्यावर आगटीभोंवतीं बसून कोणी आपल्या कुत्र्याचा लांडगा सांगितला, तर त्याच्यावर दोन लांडगे सांगण्यास आमची मुळींच हरकत नाहीं. ज्या जनावराला वर्षभर आपण शिळी भाकर घालतों आणि जें आपल्यासाठीं साऱ्या रात्री जागतें, त्याच्या वांट्यास हुरड्याच्या दिवसांत थोडी कीर्ति आली, तर ती त्याची मजुरी समजावी. मात्र ती लस टोंचल्यावर द्यावी, आणि शेळ्या आंत बांधून मग बोलावयास बसावें.